उलटा पोपट

हुंडा नाही, ही पहिली जमा. नांदेडच्या बाजारात घरचं किराण्याचं दुकान, ही दुसरी. मुलगा निर्व्यसनी, सरळ आणि आईच्या शब्दाबाहेर नाही. ही बाब जमेत धरायची की खर्चात, यावर लक्ष्मम्मा जरा अडली. मग सुईवर चार हिरवे मणी चढवून तिने तीही जमेतच धरली. बाप नसलेल्या पोरीला मागणी घालायला कोणी नांदेडहून मोटारीने येत असेल, तर त्याच्या आईबद्दल फार खोलात शिरू नये.

“आन् मागणं काय त्यांचं?” तिने विचारलं.

विरूपाक्ष उंबऱ्यावर बसून पानाला चुना लावत होता. हा तिचा धाकटा भाऊ. मेहुणा ईश्वरप्पा गेल्यावर लातूरच्या बाजारातलं त्याचं मणी-दोऱ्याचं दुकान हाच चालवत होता आणि भाचीचं स्थळही यानेच आणलं होतं.

“मागणं एकच, अक्का. पोरीचा हात चांगला पायजे. त्या चन्नम्मा म्हंत्यात, पैसा आमच्याकडं हाय, कसब न्हाई. रुखवत मातर सगळं पोरीच्या हातचं पायजे. इकतचं एक बी नको.”

“एवढंच?”

“एवढंच. थोरल्या सुनंचं बी असंच करून आणलं म्हणं. तिला सा वर्सं झाली, पोरबाळ न्हाई. सवत आणायची बोलणी झाली व्हती. पर तिच्या हातचं काम बघून चन्नम्माचा जीव अडकला. ‘हाताच्या गुणावर ठिवलीय’ म्हंत्यात.”

“तोंडावर म्हंत्यात?”

“तर! ती बिचारी तवा आमाला च्या देऊन राहिली व्हती.”

लक्ष्मम्मा हसली. थोरल्या सुनेला नव्हे, नशिबाला. अख्ख्या लातुरात रुखवताचे हात शोधायचे म्हटले, तर ते याच घरात, याच माजघरात होते. आणि ही गोष्ट बाहेर कोणाला ठाऊक नव्हती, यावरच या घराचं पोट चाललं होतं.

तो धंदाच तसा होता. लग्न ठरलं की मुलीने आपल्या हाताने रुखवत करायचं, ही रीत. मण्यांची तोरणं, वारा घ्यायचे विंझणे, पाटावरची आसनं, तांब्यावरच्या झाकण्या, सासऱ्यासाठी पानाची चंची. रीत करणारांनी एवढंच धरलं नव्हतं की सगळ्याच मुलींची बोटं सारखी नसतात. मग भर दुपारी, पुरुष दुकानांत डुलक्या घेत असताना, लक्ष्मम्माच्या मागल्या दाराची कडी वाजे. पदर पुढे ओढलेली एखादी आई आत येई आणि आधी हवापाण्यावर बोले. लक्ष्मम्मा कोणाचं घर, कुठलं सासर, काही विचारत नसे. लग्न कधी आणि रंग कोणते, एवढंच. सोलापूरकडून रेल्वेने मणी येत, करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून घरी येत आणि तयार माल ज्वारीच्या टोपल्यात, दाण्यांखाली झाकून, आल्या दाराने परत जाई.

आणि एक गोष्ट ती नेमाने करी. तोरणाची शेवटची ओळ मोकळी ठेवी. लग्नाच्या आधी ती मुलगी स्वतः येऊन ती ओळ ओवून जाई, शेवटची गाठ आपल्या हाताने मारी. कोणी विचारलंच, तर गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून “मी केलंय” म्हणताना जीभ अडखळू नये म्हणून.

“शप्पत खोटी होत न्हाई का अव्वा, एवढ्यानं?” लहानपणी रुद्राणीने विचारलं होतं.

“अर्धी खरी होती. संसाराला तेवढी पुरती.”

रुद्राणी तिची एकुलती एक. डावखुरी. डावखुरेपण घालवायला ईश्वरप्पाने पोरीच्या हाताला फडकं बांधून पाहिलं होतं, पण ते फडकं सोडलं ते लक्ष्मम्मानेच. कारण आठ वर्षांची पोर डाव्या हाताने असे मणी ओवी की बघणारीची बोटं थांबत. त्याच वर्षी तिने पहिलं अख्खं तोरण केलं, पोपटांच्या रांगेचं. सगळे पोपट उजवीकडे बघत होते आणि मधला एक, कसा कोण जाणे, डावीकडे. दुसऱ्या टोकाने ओवत आली आणि चुकली. उसवायला वेळ नव्हता. घ्यायला आलेल्या बाईने नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

“हे वो काय? हा एकटाच पाठ फिरवून बसलाय.”

“दृष्टीचा हाय तो,” लक्ष्मम्मा मणी वेचता वेचता म्हणाली. “सगळं गोमटं असलं की नजर लागती. म्हणून एक उलटा.”

बाई एवढी खूश झाली की पुढल्या दोघींनी आपणहून उलटा पोपट मागितला. तेव्हापासून प्रत्येक तोरणात एक पोपट उलटा. तो फक्त रुद्राणीच ओवी. लक्ष्मम्माने एकदोनदा मोजूनमापून करून पाहिला. उलटा होई, पण पोपट दिसत नसे, कावळा दिसे.

अशीच एकदा उदगीरकडची एक मुलगी शेवटची ओळ ओवायला आली होती. महानंदा तिचं नाव. हात इतके कापत होते की दोरा तुटला आणि मणी कणगीखाली, चुलीपर्यंत गेले. मुलगी रडायलाच लागली. दहा वर्षांच्या रुद्राणीने पालथं पडून एकेक मणी वेचला, तिच्यापुढे ताटलीत ठेवला आणि मोठ्या बाईसारखं म्हणाली, “रडू नगंस अक्का. तू निस्ती गाठ मार. बाकी मी केलंय.” हे बोलणं ऐकून लक्ष्मम्मा हसली होती. सहा वर्षं झाली त्याला. महानंदा कुठे दिली, हे तिने नेमाप्रमाणे विचारलं नव्हतं.

रुद्राणीने आपलं रुखवत चार महिने केलं. घरचा धंदा बंद ठेवून नव्हे. दिवसभर गिऱ्हाइकांचं, मधल्या सवडीत आपलं. तोरणातल्या उलट्या पोपटाला तिने लाल डोळा दिला. बाकीच्यांना काळा होता.

“त्याला येगळा कशाला?” लक्ष्मम्मा म्हणाली.

“माझा हाय म्हणून. आजवर सगळे दुसऱ्याच्या दारात गेले. ह्यो एक माझ्याच दारात बसणार.” मग शेवटची ओळ ओवताना ती हसून म्हणाली, “अव्वा, मी लिंगाला हात लावीन ना, तर ती शप्पत सगळ्यात पक्की. पयल्या मण्यापासून खरी.”

लग्न लातुरातच, दारापुढच्या मांडवात झालं. नांदेडची मंडळी अहमदपूरवरून दोन मोटारींत आली. अक्षता पडल्या, पानं वाढली, आणि दुपारी बायका रुखवताभोवती जमल्या. सतरंजीवर सगळं मांडलेलं. वर दोरीला तोरण. लातूरच्या बायका पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांच्या लेकींची तोरणं याच माजघरातून गेली होती. पण वस्तू पहिल्यांदा पाहिल्यासारख्या त्या अशा काही माना डोलावत होत्या की नाटकवाल्याने शिकावं.

चन्नम्मा पुढे आली. अंगाने भरलेली, बोलणं ठसक्याचं. तिने विंझणा उलटून पाहिला, आसनाची कड चाचपली. “काम चांगलं हाय,” असं म्हणत नजर वर नेली आणि तिथेच थांबली.

“इहीणबाई, ह्यो पोपट उलटा कामून?”

“दृष्टीचा हाय,” लक्ष्मम्मा म्हणाली.

“ते मला बी सांगितलंय. सा वर्सं झाली सांगून. आमच्या दारात ह्योच पोपट हाय. हीच चोच, हाच शेपटा. थोरलीनं आणलेला.” तिने मागे वळून हाक मारली, “महानंदा, म्होरं ये.”

नांदेडच्या बायकांमधून एक सडपातळ सून पुढे आली. लक्ष्मम्माने तिला ओळखलं ते तोंडावरून नाही. हात कापत होते त्यावरून.

“आता ह्याचा अर्थ काय लावायचा?” चन्नम्मा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “एका उदगीरच्या पोरीचा आन् एका लातूरच्या पोरीचा हात येवढा सारखा? येक पोपट चुकला म्हणावं, तर दोघींचा बी तसाच चुकला? दोघींतल्या येकीचं तरी इकतचं हाय.”

पहिल्या रांगेत एकदम कोणालाच खोकला आला नाही, बांगडी वाजली नाही. लक्ष्मम्माला मागे न बघता कळलं, कोण कोण श्वास धरून बसलंय.

“तूच सांग पोरी,” चन्नम्मा रुद्राणीकडे वळली. “लिंगाला हात लाव आन् सांग, तूच केलंस ना हे?”

रुद्राणीचा चेहरा उजळला. एवढी सोपी शपथ रुखवताच्या सतरंजीपुढे आजवर कोणत्याच नवरीला आली नव्हती. हळदीचा हात गळ्याकडे गेला.

तो हात गळ्यापर्यंत पोचायच्या आत लक्ष्मम्माने सगळं मनात मांडून टाकलं. तिचा धंदाच झटपट मांडण्याचा. रुद्राणीची शपथ खरी ठरली, की पुढची पाळी महानंदाची. हिच्या कुशीत मूल नाही, पदरात हाताचा गुण आहे; तो काढून घेतला की हिला त्या घरात काय उरलं? सवत आणायला चन्नम्माला पंधरा दिवस पुरतील. आणि रुद्राणी? तिच्या डोक्यावर अक्षता पडल्या आहेत. मण्यांच्या तोरणासाठी कोणी सून परत पाठवत नाही. टोमणे खाईल, पण दोन वेळचं जेवेल. एकीचं घर जातंय, एकीचं नाव जातंय. घर मोठं.

हे सगळं खरं. पण मांडणी पूर्णच सांगायची, तर पहिली रांगही तिच्यात होती. आज एका तोरणाचं बिंग फुटलं, तर उद्या मागल्या दाराची कडी वाजणार नव्हती.

तिने पोरीचा हात वरच्या वर धरला.

“लिंगाला हात लावाया लावू नका तिला,” ती म्हणाली. “इकत आणलंय.”

रुद्राणीने आईकडे पाहिलं. ऐकण्यात चूक झाली असेल, असं तिच्या तोंडावर होतं.

“कुटून?” चन्नम्माने विचारलं.

“उदगीरच्या बाजारातून. तिकडं कुणी तरी तुमच्या थोरल्या सूनबाईचं काम बघून नक्कल करून इकतंय, असं दिसतंय. आमाला काय ठाव, कुणाच्या हातची नक्कल हाय ती. आज कळलं.”

“म्हंजे फसिवलं की आमाला!”

“फसिवलं. मी फसिवलं. पोरीकडं बोट नका करू.”

“पोरीला येतंय का मग काई?”

आता इथे थांबली असती, तरी चाललं असतं. पण लक्ष्मम्माला व्यवहार अर्धा सोडायची सवय नव्हती. महानंदा अजून उभी होती, रंग उडालेली. तिला पाय टेकायला जागा करून द्यायची राहिली होती.

“शिकंल,” लक्ष्मम्मा म्हणाली. “थोरल्या जावंच्या हाताखाली शिकंल.”

चन्नम्माने मोठा सुस्कारा सोडला. रागापेक्षा त्यात समाधान जास्त होतं. नवी सून आली त्याच दिवशी तिला बोलायला जन्माचं निमित्त मिळालं, आणि जुन्या सुनेबद्दलचा आपला अंदाज खरा ठरला. एका दुपारी कोणाला याहून जास्त काय पाहिजे? “बघितलं का,” ती आपल्या बायकांना म्हणाली, “आमच्या थोरलीच्या नकला इकून लोक पोटं भरून राहिलेत.”

मोटारीत बसताना रुद्राणी रडली नाही. सगळ्यांनी म्हटलं, पोर धीराची आहे. तोरण मात्र तिने नेलं नाही. लाल डोळ्याचा पोपट माजघरात खुंटीला राहिला.

पंचमीला ती माहेरी आली. त्या काळात लक्ष्मम्माच्या मागल्या दाराला उसंत नव्हती. जी बाई पोरीच्या मांडवात तोंड उघडत नाही, ती कुठेच उघडणार नाही, हे लातुरातल्या बायकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. याहून मोठी हमी कुठल्या दुकानाने दिली? उदगीर, निलंग्याकडूनही आया येऊ लागल्या. सगळ्यांना उलटा पोपट पाहिजे होता आणि तो करणारे हात नांदेडला गेले होते.

लक्ष्मम्माने मण्यांची ताटली लेकीपुढे सरकवली. “येवढा येक ओवून दे बाई. माझा कावळाच होऊन राहिला.”

रुद्राणी सुपात ज्वारी पाखडत होती. तिने ताटलीकडे पाहिलंही नाही.

“मला कुठं येतंय अव्वा? शिकून राहिले अजून.”

“माझ्यावर राग काढ, पर...”

“राग न्हाई. तुमचं गणित बराबर हाय. मी रोज करून बघते, बराबरच येतंय.” तिने सूप आपटून कोंडा उडवला. “फकस्त मला इचारलं असतं, तर मी बी तेच म्हणले असते. महानंदाक्काला मी काय सोडलं असतं का? पर मला म्हणू द्यायचं हुतं.”

लक्ष्मम्माने ताटली आपल्याकडे ओढली. तिच्या मांडणीत सगळं आलं होतं, ही एक बाब तेवढी राहून गेली होती.

दोन वर्षांनी महानंदाला मुलगा झाला. बारशाचं बोलावणं चन्नम्माने विहिणीलाही धाडलं. फसवणाऱ्याला बोलावून दाखवण्यासारखं आता तिच्याकडे बरंच होतं. लक्ष्मम्मा अहमदपूर, लोह्यावरून मोटारीने गेली. बरोबर कुंची, लाडू आणि पायातली वाळी.

पाळणा सोप्यात टांगला होता. त्याला चारी बाजूंनी मण्यांची झालर होती, पोपटांच्या रांगेची.

“थोरलीनं केली,” चन्नम्मा म्हणाली. “नवव्या म्हैन्यापस्तोर बसून करत व्हती. दुपारी दोघी जावा कोठीच्या खोलीत बसायच्या, ही शिकवायची, ती शिकायची. पर तुमच्या पोरीला काई जमंना झालंय बघा. हात जड हाय.”

लक्ष्मम्माने झालर बोटांवर घेतली. ताणलेला दोरा, बसका मणी, पंखाखालचा तो एक पिवळा. तिला सांगायला कोणी लागत नव्हतं. शेवटची ओळ तेवढी सैल होती, आणि गाठ मोठी. ती दुसऱ्या हाताची.

तिने झालर या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिली. मग पाळण्याला वळसा घालून पुन्हा पाहिली. सगळे पोपट एकाच दिशेला बघत होते.

“दृष्टीचा न्हाई ठिवला?” तिने हळूच विचारलं. रुद्राणी शेजारी घुगऱ्यांचं ताट घेऊन उभी होती.

“उलटा ठिवला की वळखू येतो, अव्वा,” रुद्राणी म्हणाली आणि पुढच्या बाईला घुगऱ्या द्यायला गेली.

नाव ठेवायच्या वेळी पाळण्याच्या दोरीला बांधायचा मण्यांचा गोंडा सुटला. बाळंतीण उठायची नाही. “धाकटे, तू ओव,” चन्नम्मा म्हणाली, “बघू दे तुझ्या आईला, दोन वर्सांत काय शिकलीस ते. आन् उजव्या हातानं. डावरी खोड मोडलीय आमी तिची.”

रुद्राणी सगळ्या बायकांच्या मधे बसली. सुई डाव्या हातात, दोरा उजव्यात घेऊन तिने दोरा ओठांनी ओला केला आणि सुईच्या नेढ्याकडे नेला. तो बाजूने गेला. पुन्हा नेला, पुन्हा बाजूने गेला. बायकांत खसखस पिकली. “जड हाय बाई हात!” कोणीतरी म्हणालं. बाजेवरून महानंदाने मान भिंतीकडे फिरवली. तिसऱ्या खेपेलाही दोरा नेढ्याच्या अगदी कडेने, जिथून न्यायचा म्हणून न्यावा लागतो तिथून, बाहेर गेला.

सगळ्या हसल्या. लक्ष्मम्माकडे चन्नम्माची नजर होती, म्हणून तीही हसली.

चन्नम्माला नातू मिळाला आणि बोलायला सून मिळाली. महानंदाचं घर राहिलं. लातुरातल्या बायकांची इभ्रत राहिली, लक्ष्मम्माच्या मागल्या दाराची कडी वाजत राहिली. सगळ्यांचं सगळं फिटलं. भरणारी एकटी मांडीवर मणी घेऊन बसली होती आणि चौथ्यांदा दोरा ओठांना लावत होती.